‘मॉरल डिस्ट्रेस’ला धर्मसंकट म्हणावं का?

अनुवादिनी: परिचारिकांच्या प्रशिक्षणाची एक पुस्तिका मराठीत आणतेय. मरणासन्न रुग्णांच्या सेवेवरच्या प्रकरणात ‘मॉरल डिस्ट्रेस’ पानोपानी येतो. मी ‘धर्मसंकट’ लिहिलं. मजकूर तपासणाऱ्या बाई स्वतः नर्स. त्यांनी प्रत्येक ठिकाणी लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, “आम्हाला प्रश्न पडलेला नसतो. उत्तर माहीत असतं.” आता काय लिहू?

कानामात्रा: बाईंचं बरोबर आहे. धर्मसंकटात दोन्ही वाटा धर्माच्याच, म्हणून पाय अडतो. तो ‘डायलेमा’. अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ साली नर्सिंगच्या नीतिप्रश्नांवर लिहिताना मॉरल डिस्ट्रेस त्यापासून वेगळा काढला तो इथेच: योग्य काय ते कळतंय, पण संस्थेची चौकट ते करू देत नाही. ‘नैतिक क्लेश’ म्हणा.

रात्रपाळी: सव्वीस वर्षं वॉर्डात काढली, ‘क्लेश’ कुणाच्या तोंडून ऐकला नाही. एक आजोबा होते. शुद्धीवर असताना मला म्हणाले होते, “सिस्टर, आता नळ्या नकोत.” मी ते वर सांगितलं. पुढे त्यांची वाचा गेली, घरचे म्हणाले सगळं करा, आणि सगळं सुरू झालं. सक्शनची नळी घशात उतरली की ते माझं मनगट धरायचे. ढकलायचे नाहीत, नुसतं धरायचे. नंतर मी चार्टवर वेळ आणि सही टाकायची. मनगटाची नोंद करायला चार्टवर रकाना नसतो. याला मी कुचंबणा म्हणते.

जुना वाचक: कुचंबणा सासुरवाशिणीची होते, भाडेकरूची होते. त्यात नीतीचा अंश कुठे आहे? संज्ञा नेमकी हवी, नाहीतर उद्या प्रत्येक गैरसोयीला हाच शब्द लागेल.

रात्रपाळी: सासुरवाशिणीलाही बरोबर काय ते कळत असतंच की. बोलता येत नाही, एवढंच.

अनुवादिनी: ‘नैतिक कुचंबणा’ चालेल? पण मग मॉर्फिनचा परिच्छेद अडतो. वेदना बघून मोजूनमापून वाढवलेल्या मात्रेने मरण लवकर येत नाही, हे शिकवलेलं असूनही शेवटचा डोस आपल्या हातून गेला म्हणून नर्स झुरते. तिला कुणी अडवलेलं नाही. ती कुचंबणा नव्हे.

कानामात्रा: ती रुखरुख. एका मूळ शब्दाला दोन मराठी शब्द लागले तर लागू देत. आणि कृपा करून ‘सुश्रुषा’ छापू नका, ‘शुश्रूषा’ लिहा. ‘श्रु’ धातूचं इच्छारूप आहे ते. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, त्यावरून आज्ञापालन, त्यावरून सेवा.

रात्रपाळी: ऐकण्याची इच्छा! पण ऐकायचं कुणाचं? आजोबांचं की ऑर्डर लिहिणाऱ्याचं?

कानामात्रा: संस्कृतात बहुधा गुरूचं, वडीलधाऱ्यांचं.

रात्रपाळी: आजोबा वडीलधारेच होते.

जुना वाचक: हा अर्थ इतका चांगला आहे, तर ‘शुश्रूषिका’ का रूढ करू नये? ‘परिचारिका’ म्हणजे नुसती भोवती वावरणारी. पुस्तिकेत तरी ‘नर्स’ नको.

रात्रपाळी: ज्या वाचणार त्या स्वतःला नर्सच म्हणवतात.

जुना वाचक: म्हणवतात, कारण दुसरा शब्द कुणी दिलाच नाही.

कानामात्रा: दिला होता, ‘परिचारिका’. कागदावर टिकला, हाक मारताना कुणी वापरला नाही.