‘होमसिक’ला मराठीत काय? स्मरणरंजन की अजून काही?

एक मदत हवीये. बॉबी बेअरचं १९६३ चं ‘डेट्रॉइट सिटी’ हे कंट्री गाणं, त्यावर थोडं मराठीत लिहायचंय आणि पहिल्याच वाक्यात अडकलोय. अमेरिकेच्या साउथमधला, कापसाच्या शेतांतून आलेला माणूस डेट्रॉइटला दिवसा मोटारींच्या कारखान्यात राबतो, रात्री बारमध्ये बसतो आणि त्याच्या पत्रांवरून घरच्यांना वाटतं की गड्याचं झकास चाललंय. ह्याला जे होतंय ते स्मरणरंजन का?

– छे, अजिबात नको. त्यात रंजन आहे हो! शाळेचे फोटो बघत चहा पिणं वगैरे. नॉस्टॅल्जियामध्ये तर चक्क दुखणं आहे, १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधल्या बाझलला प्रबंध लिहिताना ग्रीक नोस्तोस म्हणजे घरी परतणं आणि आल्गोस म्हणजे वेदना जोडून तो शब्द बनवला आणि तोही आजाराचं नाव म्हणून. आपल्याकडे साधं ‘करमत नाही’ आहे की. नवी सासुरवाशीण, होस्टेलवर टाकलेलं पोर, सगळे हेच म्हणतात.

– पण ते क्रियापद झालं, नाम पाहिजे ना. गतकातरता?

– जड आहे पण निदान कातर तरी आहे. फक्त ती गेलेल्या काळाची. ह्याचं गाव अजून जागेवर आहे, दक्षिणेकडची मालगाडी धरली की झालं, शेवटी तो तेच ठरवतो. आणि मधे तो गाणं सोडून नुसता बोलतो, तिथं गतकातरता कोण बोलणार? नाम हवंच तर ‘गावची ओढ’ घ्या.

– अवांतर: साउथचं नुसतं ‘दक्षिण’ करू नका, वाचणाऱ्याला इडली दिसेल. आणि कंट्रीचं देशी तर नकोच, आमच्याकडे कंट्री म्हणजे बाटलीतली :)

– मला कोकणातला चाकरमानी आठवला. मिलमध्ये पाळ्या, एका खोलीत डझनभर माणसं, पत्रात मात्र सगळं क्षेम. पण गंमत बघा, चाकरमानी हा शब्द गावाच्या बाजूने आहे, गणपतीत ‘चाकरमानी इले’ म्हणताना मुंबईहून आलेला म्हणजे कोणीतरी मोठा. ह्या गाण्यातही घरच्यांना तो मोठाच वाटतो, आणि खरं सांगायला स्वाभिमान आडवा येतो. म्हणजे गावासाठी चाकरमानी, त्याचं त्याला करमत नाही. दोन्ही लागतील तुम्हाला.

– हे आवडलं. असं लिहितो: ‘पत्रात सगळं झकास होतं, पण डेट्रॉइटात त्याला करमत नव्हतं.’

– ‘डेट्रॉइटात’ कानाला खटकतंय, ‘डेट्रॉइटला’ करा.