उन्हाळी वर्ग आणि नवे शिकवणारे : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-३०२ : नमस्कार मंडळी. आजीवन शिक्षण वर्गांचं उन्हाळी वेळापत्रक वर टाकलंय, ॲडमिननी कृपया पिन करावं. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, दीड तास. परीक्षा नाही, गुण नाहीत, आधीच्या शिक्षणाची अट नाही. नावं रविवार संध्याकाळपर्यंत द्या. यंदा शिकवणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मंडळी नवी आहेत, त्याबद्दल काही विचारायचं असेल तर इथेच विचारा, म्हणजे सगळ्यांना कळेल.

ए-१०४ : बाई, पीडीएफ पाहिली. इतिहासाचे सर नाहीत का यंदा?

बी-३०२ : नाहीत काकू. उन्हाळ्यात ते मुलीकडे जातात. पुढच्या सत्रात आहेत.

ए-१०४ : मग मी यंदा राहू देते. मागे एका ठिकाणी नव्या बाई आल्या होत्या. पूर्ण तास पडद्यावरचं वाचून दाखवलं, एकदाही मान वर केली नाही. एवढ्या उन्हातून जायचं आणि जे घरी बसून वाचता आलं असतं ते ऐकून यायचं, याला काय अर्थ आहे?

ई-५०१ : काकूंचं बरोबर आहे. ओळखीच्या शिक्षकांचे वर्ग आधी भरतात ते उगाच नाही.

बी-३०२ : काकू, तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण तो दोष तयारीचा होता. पडद्यावरचं वाचून दाखवणारे वीस वर्षांचे अनुभवीसुद्धा मी पाहिलेत. नव्या माणसाला निदान सांगता येतं, आणि तो ऐकतो.

दुसरं म्हणजे, उन्हाळ्यात नवे लोक दिसणारच. नेहमीचे शिक्षक गावाला जातात, काहींना विश्रांती हवी असते, सत्र छोटं असतं. सहा तासांची जबाबदारी नवा माणूस घेऊ शकतो, पूर्ण सत्राची घ्यायला बिचकतो. आज जे आपले आवडते आहेत, त्यांच्यातलेही काही असेच एखाद्या छोट्या सत्रातून आले आहेत.

आणि ज्येष्ठांचे असे वर्ग मुळात उभे कसे राहिले तेही सांगते. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यू स्कूल या विद्यापीठात निवृत्त शिक्षकांच्या एका गटाने स्वतःच अभ्यासवर्ग सुरू केले, एकमेकांना शिकवायचे. १९७३ मध्ये फ्रान्समध्ये तूलूझला पिएर व्हेलास यांनी ज्येष्ठांसाठी विद्यापीठाचे दरवाजे उघडले, तिथे प्राध्यापक शिकवत. मग १९८१ मध्ये इंग्लंडमध्ये केंब्रिजला इतिहासकार पीटर लास्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धतच बदलली. त्यांनी ठरवलं की सभासदच शिकवतील आणि सभासदच शिकतील. आज फळ्यापुढे उभी असलेली व्यक्ती उद्या दुसऱ्याच्या वर्गात बाकावर बसते. म्हणजे शिकवणारा प्रत्येक जण कधी ना कधी तिथे पहिल्यांदाच शिकवायला उभा राहिलेला आहे. ते दार आपण बंद केलं तर दहा वर्षांनी शिकवायला कोण उरेल?

ई-५०१ : हे माहीत नव्हतं. पण बाई, निवड कशी करायची? नावावरून काही कळत नाही.

बी-३०२ : नाव आणि पदव्या मी शेवटी वाचते. आधी विषयाची माहिती वाचते. "जगाचा इतिहास" असं सहा तासांसाठी लिहिलं असेल तर मी सावध होते. "छपाई आल्यावर पुस्तकं कशी बदलली" असं लिहिलं असेल तर त्या माणसाने काय सोडायचं याचा विचार केलाय हे दिसतं. मग बघते की आपण वर्गात काय करणार आहोत याबद्दल एक तरी वाक्य आहे का. "चर्चा होईल" हे सगळेच लिहितात. "पहिल्या दिवशी दोन जुनी पत्रं वाचून ती कोणी कोणाला लिहिली असतील ते शोधू" असं दिसलं की मी नाव देऊन टाकते.

सी-२०१ : बाई, बोलू की नको असं चाललं होतं, पण आता बोलतो. यादीतलं "नकाशा वाचायला शिका" हे माझं आहे. सगळी नोकरी सर्वेक्षणाच्या कामात गेली, डोंगरात दुर्बीण आणि पट्टी घेऊन हिंडलो. वर्गात मात्र कधी उभा राहिलो नाही. आराखडा तयार केलाय. चौदा मुद्दे झालेत. पृथ्वीचा आकार, प्रक्षेपणं (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायच्या पद्धती), अक्षांश-रेखांश, प्रमाण, खुणा, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा), दिशा, चुंबकीय उत्तर, जुनी उपकरणं, हवाई छायाचित्रं, उपग्रह वगैरे. सगळं महत्त्वाचं आहे. काय गाळू कळत नाही.

ए-१०४ : अगंबाई, तुम्ही आहात होय ते! मला वाटलं बाहेरचे कोणी असतील.

बी-३०२ : काका, फार छान झालं तुम्ही बोललात. एक विचारते. सहाव्या आठवड्यानंतर वर्गातल्या माणसाला कुठली एक गोष्ट करता यायला हवी?

सी-२०१ : अनोळखी भागाचा नकाशा हातात दिला तर जमीन डोळ्यांपुढे उभी राहिली पाहिजे. चढ कुठे, ओढा कुठे, पायवाट सोपी की दमवणारी.

बी-३०२ : झालं तर मग. ज्या मुद्द्याने हे जमायला मदत होत नाही तो बाजूला ठेवा. प्रक्षेपणं ठेवाल?

सी-२०१ : जीव तुटतोय, पण नाही. समोच्च रेषा, प्रमाण, दिशा, खुणा. एवढंच लागतं खरं तर.

बी-३०२ : चार विषय, सहा तास. उरलेल्या वेळात सराव. नव्या शिकवणाऱ्यांचं सगळ्यात मोठं संकट अज्ञान नसतं काका, त्यांना फार येत असतं. तीस-चाळीस वर्षांचं सगळं सहा तासांत द्यावंसं वाटतं, आणि तिसऱ्या तासाला लोक मागे पडतात. बोलतही नाहीत, फक्त यायचे थांबतात.

सी-२०१ : समोच्च रेषा हा शब्द ऐकूनच लोक घाबरतात. सुरुवात कशी करू?

डी-४०३ : काका, मध्ये बोलते. तुम्ही आमच्या लेकाला गच्चीवर मुठीवर रेघा काढून दाखवल्या होत्या ना? तो अजून सगळ्यांना करून दाखवतो.

सी-२०१ : हो की! ते कामावर नव्या पोरांना दाखवायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. मूठ घट्ट आवळा आणि टेबलावर ठेवा. बोटांचे उंचवटे म्हणजे टेकड्या. आता पेनने प्रत्येक उंचवट्याभोवती, टेबलापासून सारख्या उंचीवर राहील अशी रेघ काढा. मग तिच्या थोडी खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. झालं की हात सपाट उघडा. डोंगराचा नकाशा झाला. जिथे उतार तीव्र होता तिथे रेघा जवळजवळ आल्या, जिथे सपाट होतं तिथे लांब गेल्या. दोन उंचवट्यांमधली खिंडसुद्धा दिसते.

ई-५०१ : आत्ता करून पाहिलं. खरंच दिसते खिंड!!

ए-१०४ : मी पण केलं. दोन टेकड्या लगेच कळल्या. ओढा कुठे असेल ते कसं ओळखायचं?

सी-२०१ : काकू, रेघा कुठेतरी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या वळलेल्या दिसतात. त्या व्हीचं टोक चढाकडे असेल तर ती घळ, पाणी तिथूनच उतरणार. टोक उताराकडे असेल तर ती सोंड, म्हणजे डोंगराची पुढे आलेली धार. आम्ही नव्या मुलांना नकाशावरचं निळं झाकून फक्त या रेघांवरून नद्या काढायला लावायचो.

बी-३०२ : काका, हाच तुमचा पहिला तास. आधी मूठ, मग निळं झाकलेला नकाशा. व्याख्या शेवटी सांगा, किंवा लोकांनाच सांगू द्या.

आता आठवणीत राहण्याबद्दल. शिकवताना आपल्याला वाटतं की पुन्हा एकदा सांगितलं की पक्कं होईल. २००६ मध्ये रोडिगर आणि कारपिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. काहींना उतारा पुन्हा वाचायला दिला, काहींना न बघता आठवून लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपला वर्ग आठवड्यानेच भरतो. म्हणून दुसऱ्या तासाच्या सुरुवातीला वह्या मिटवायला सांगा, कोरा कागद द्या आणि गेल्या वेळचं जे आठवेल ते काढायला सांगा. तपासायचं नाही, गुण द्यायचे नाहीत. नाहीतर मंडळींना शाळेतली भीती आठवते.

डी-४०३ : बाई, माझा प्रश्न सासूबाईंसाठी आहे. त्यांना जायचं आहे, पण ऐकू कमी येतं. मागच्या सत्रात दुसऱ्या तासापासून त्यांनी जाणं सोडलं. नवे शिक्षक त्यांच्यासाठी मोठ्याने बोलतील का?

बी-३०२ : डी-४०३, हे विचारलंस ते फार बरं केलंस, कारण असे बरेच जण गुपचूप वर्ग सोडतात आणि आपण समजतो की त्यांना विषय आवडला नाही. नुसतं मोठ्याने बोलून भागत नाही. वय वाढतं तसं बहुतेकांचं आधी उंच पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, ख यांसारखी व्यंजनं निसटतात. त्यामुळे आवाज येतो आणि शब्द लागत नाही. ओरडलं तर स्वरच मोठे होतात. उपयोग होतो तो समोर तोंड करून, थोडं सावकाश, वाक्यांच्या मध्ये थांबून बोलण्याचा. फळ्याकडे तोंड करून बोललेलं त्यांच्यासाठी न बोलल्यासारखंच असतं.

माइक सगळ्या नव्या शिक्षकांनी वापरायचाच, "माझा आवाज मोठा आहे" हे चालणार नाही. आणि वर्गातल्या कोणी प्रश्न विचारला की उत्तराआधी तो प्रश्न माइकवर पुन्हा म्हणायचा. सासूबाईंना उजेड चेहऱ्यावर पडतो अशा बाजूला, पुढे बसव. खिडकी शिक्षकांच्या पाठीमागे नको, त्यांचा चेहरा काळवंडतो आणि ओठ दिसत नाहीत. खोलीत पंखे जोरात असतात, त्याचंही बघते.

सी-२०१ : हे मला कोणी सांगितलंच नसतं. नकाशे मोठ्या कागदावर छापून घेतो. छोट्या अक्षरांतली नावं मलाच आता भिंगाने वाचावी लागतात.

ई-५०१ : एक मेसेज फिरतोय की काहीही शिकत राहिलं की म्हातारपणी विसरभोळेपणा होत नाही. हे वेळापत्रकाखाली टाकू का? लोक जास्त येतील.

बी-३०२ : कृपया टाकू नका. एवढं मोठं आश्वासन कोणीच देऊ शकत नाही, आणि ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना ते वाचून किती वाईट वाटेल. "शिकले नाहीत म्हणून झालं" असा अर्थ निघतो त्यातून.

जे खरं माहीत आहे ते सांगते. मानसशास्त्रज्ञ डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ६० ते ९० वयाच्या लोकांनी तीन महिने, आठवड्याला पंधरा तासांहून जास्त वेळ दिला. काहींनी डिजिटल छायाचित्रण शिकलं, काहींनी गोधडीकाम, काहींनी दोन्ही. एक गट फक्त एकत्र जमून गप्पा, खेळ, सहली असं करत होता. घटना लक्षात ठेवण्याच्या स्मृतीत सुधारणा दिसली ती नवीन आणि अवघड काही शिकणाऱ्यांत, विशेषतः छायाचित्रण होतं त्या गटांत. आपला वर्ग आठवड्याला दीड तासाचा आहे, त्यामुळे तेवढ्याच फायद्याची अपेक्षा धरू नका. पण त्यातून मी एक धडा घेतला. जे आपल्याला आधीच येतं त्याच वर्गात दरवर्षी बसण्यापेक्षा जिथे थोडं अडखळायला होतं तिथे जावं. काकू, तुम्ही इतिहासाचा तो वर्ग पाठ झाल्यासारखा ऐकता. नकाशात अडखळाल, आणि विचारत राहाल.

ए-१०४ : ते खरं आहे, सरांच्या पुढचं वाक्य मला माहीत असतं. पण मला न कळलेलं सगळ्यांसमोर विचारायला संकोच वाटतो. आणि वर्गात एक-दोघे असे असतातच की प्रश्न म्हणून उभे राहतात आणि पंधरा मिनिटं स्वतःचंच सांगतात. नवा शिक्षक त्यांना थांबवू शकत नाही.

बी-३०२ : हा मुद्दा महत्त्वाचा आहे. प्रत्येक नव्या शिक्षकाच्या वर्गात पहिले दोन तास समितीचा एक जण बसेल. प्रश्न लांबला की आम्ही थांबवू, वाईटपणा शिक्षकांना नको. आणि दर वीस मिनिटांनी शेजारच्याशी दोन मिनिटं बोलायला द्यायचं. मोठ्याने विचारायला लाजणारी माणसं शेजाऱ्याला विचारतात, आणि शिक्षकांनाही फिरताना कळतं कुठे अडलंय.

शिवाय प्रतिक्रियेचा कागद या वेळी दुसऱ्या तासानंतर देणार आहोत. दोनच ओळी : काय कळलं, कुठे अडलं. सहा आठवडे संपल्यावर "आवाज ऐकू येत नव्हता" असं लिहून कोणाचं भलं होतं? ज्यांना ऐकू आलं नाही ते तोवर घरी बसलेले असतात.

सी-२०१ : त्या कागदाची मला भीती वाटते, पण हवा आहे. नाव लिहायला लावू नका, म्हणजे लोक खरं लिहितील.

बी-३०२ : नाव नसेल.

ई-५०१ : पहिला तास बसून मग ठरवता येईल का?

बी-३०२ : हो. दुसऱ्या तासाच्या आधी वर्ग बदलता येतो. पण काका-काकूंनो, पहिल्या तासाला या मात्र. नवा शिक्षक पाच डोकी बघून बोलायला लागला तर त्याचा आवाजच बसतो.

ए-१०४ : माझं नाव नकाशात घाला. इतिहासाचे सर आले की त्यांच्याकडेही जाणार, ते आत्ताच सांगते.

डी-४०३ : सासूबाईंचंही घाला. पुढच्या रांगेत.

सी-२०१ : पहिल्या तासाचा आराखडा पुन्हा लिहून रात्री टाकतो. सगळ्यांनी बघा. जास्त वाटलं तर सांगा, अजून कमी करतो. येताना पेन आणा, हातावरून धुतलं जाईल असं.

बी-३०२ : नकाशाला आता बऱ्यापैकी नावं झाली. "आकाश ओळखा" आणि "आवाज चढवून वाचन" या दोन वर्गांना अजून नावं कमी आहेत, दोन्ही शिक्षक नवे आहेत. त्यांची माहिती पुन्हा खाली टाकते. वाचा आणि रविवारच्या आत कळवा.