कोरकू वाढतेय की विरतेय?

रानवाट
आदिवासी भाषा मरायला टेकल्या असं कोणी म्हटलं की मी जनगणना काढतो. २००१ मध्ये कोरकू मातृभाषा सांगणारे पावणेसहा लाखांच्या आत होते, २०११ मध्ये ७ लाख २७ हजार. दहा वर्षांत दीड लाखाने वाढलेली भाषा मरतेय म्हणायची? मेळघाटात वाटणी ठरलेली आहे: धारणीच्या बाजारात हिंदी, तहसिलीत मराठी, चुलीपाशी कोरकू. उगाच रडगाणं नको.

जुना_खडू
जनगणनेला मातृभाषा सांगणं वेगळं आणि ती बोलणं वेगळं. चिखलदरा तालुक्यात सात वर्षं पहिली-दुसरी शिकवली. पहिल्याच आठवड्यात एक पोरगं दारापाशी 'दा, दा' करत उभं. मला वाटलं दादाला बोलावतंय, म्हणून चौथीतून त्याच्या भावाला आणला. भाऊ हसला आणि त्याला हापशीवर घेऊन गेला. दा म्हणजे पाणी. पुढे तेच पोरगं फाडफाड मराठी वाचायला लागलं, पण कोरकूत मोज म्हटलं की मिया, बारी, अफई करत पाचापर्यंत जायचं आणि मग छे, सात, आठ.

हिशेबी
बरं मग? वनरक्षकाची परीक्षा कोरकूत होते का? आपली पोरं इंग्रजी शाळेत घालायची आणि भाषा जगवायचं ओझं मजुराच्या पोराच्या डोक्यावर द्यायचं, हे फार सोयीचं आहे.

सिपनाकाठ
माझी मातृभाषा कोरकू, म्हणून लिहितो. हिशेबी, माझे बाबा हेच म्हणायचे. नोकरी मराठीमुळे लागली, कबूल. पण पहिली दोन वर्षं मी वर्गात मुका बसलो त्याचं काय? शक्य तिथे प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्या, असं घटनेचं ३५० अ कलम सांगतं. आम्ही तेवढंही मागत नाही. पहिलीला आमचं बोलणं समजणारे गुरुजी द्या, पुढे खुशाल मराठी शिकवा.

आणि कोणी तिला मराठीची बोली म्हणू नका. ती झारखंडकडच्या संथाळी, मुंडारीच्या कुळातली, मराठीच्या नव्हे. कोरो म्हणजे माणूस, कू लागलं की माणसं. दोघंच असतील तर वेगळं द्विवचन. तुमच्या मराठीत ते उरलंय का?

रानवाट, तुमच्या आकड्याबद्दल सांगतो. माझी मुलगी परतवाड्यात वाढतेय. आजी फोनवर कोरकूत विचारते, ही हिंदीत उत्तर देते. सगळं समजतं, बोलत मात्र नाही. उद्या जनगणनेवाला दारात आला तर मी तिची मातृभाषा कोरकूच लिहायला लावणार.

रानवाट
हे लागलं. तरी संथाळीसारखं बळ कुठून आणणार? ती २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेतल्या मान्य भाषांच्या यादीत गेली, तिला स्वतःची ओल चिकी लिपी आहे. कोरकूचे निम्म्याहून जास्त लोक मध्य प्रदेशात, उरलेले इकडे. दोन्ही सरकारांना ती दुसऱ्याची वाटते.

हिशेबी
म्हणजे शेवटी पोटाचाच प्रश्न. माझं म्हणणं तेच.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, मी जळगाव जामोदचा. आमच्याकडे निहाली बोलतात, मोजून दोन-अडीच हजार लोक. जगातल्या कोणत्याच भाषेशी तिचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही. तिच्यात कोरकू शब्दांचा एवढा भरणा की आधी लोक तिला कोरकूचीच बोली समजायचे. म्हणजे धारणीत दबलेली कोरकू आमच्याकडे दांडगी! दहा हजारांच्या आतल्या भाषा जनगणनेत वेगळ्या छापत नाहीत, म्हणून रानवाटच्या तक्त्यात निहाली सापडायची नाही. अन् तरी माणसं घरात बोलतात.

जुना_खडू
सिपनाकाठ, एक विचारायचं राहिलं. पाचाच्या पुढे काय म्हणतात? मी कधी शिकलोच नाही.

सिपनाकाठ
सहाला तुरुई. सातला एई. आठ… थांबा, आईला फोन लावतो.