पोर्चच्या भिंतीला अद्धा (अर्धी वीट) कसा कापायचा? (घरच्या ग्रुपवरून)

आई, रात्री ८:१२
उद्यापासून पोर्चचं वीटकाम. गिलावा करायचा नाही, वीट उघडीच ठेवायची ठरलंय. पण आज मेस्त्रीनं थापीच्या कडेनं पाच-सहा विटा फोडून दाखवल्या, फोटो टाकलाय बघा. कडा सगळ्या कुरतडल्यासारख्या दिसायलेत. असंच असतंय काय?

काका (येळ्ळूर), ८:१९
नाही वैनी, उघड्या विटेला हे चालायचं नाही. आतल्या भिंतीत थापीनं फोडलेला अद्धा गिलाव्याखाली झाकून जातो, इथं तो जन्मभर दिसणार. आमच्या मागच्या खोलीला असंच झालं होतं. कोपरा वाकडातिकडा आला म्हणून गिलावा जाड मारला आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तो पोकळ वाजायला लागला. मी समोर उभा होतो, थांबवलं नाही, त्याचं अजून वाईट वाटतं.

ताई, ८:२४
काका, अद्धा म्हणजे बरोबर मधोमध ना? मी मेस्त्रींना साडेचार इंच सांगून ठेवलंय.

काका (येळ्ळूर), ८:३३
बाळ, इथंच चुकतंय. दोन अद्ध्यांच्या मध्ये सिमेंटचा एक सांधा येतो, त्याची जागा सोडायला पाहिजे. आयएस १०७७ मध्ये, म्हणजे विटांच्या भारतीय मानकात, आपल्या नेहमीच्या विटेचं माप २३० × ११० × ७० मिमी दिलंय. सांधा १० मिमी धरला तर २३० मधून १० गेले, राहिले २२०, त्याचा अर्धा ११०. म्हणजे अद्धा ११० चा, तुझ्या साडेचार इंचाचा म्हणजे ११५ चा नाही. पाच मिलिमीटरनं काय होतंय असं वाटतं, पण एकाआड एक थराला अद्धा येतो. मग उभे सांधे एका रेषेत राहत नाहीत, आणि उघड्या भिंतीत नजर तिथंच अडकते.

आणि भट्टीची वीट पुस्तकातल्या मापाची कधीच नसते. दहा विटा ओळीनं एकमेकींना चिकटवून टेप लावा, दहानं भागा. तो आकडा खरा.

मामा (खानापूर), ८:४०
अक्का, कापायच्या विटा आधीच निवडून बाजूला ठेव. दोन विटा एकमेकींवर हलक्या वाजव. खणखणीत आवाज आला तर ती घे. बद्द वाजली तर आत कच्ची किंवा तडा गेलेली. कच्ची भुगा होऊन पडते आणि जास्त भाजून काळी पडलेली हवी तिथं तुटतच नाही. आमच्याकडं इतक्या भट्ट्या, लहानपणापासून हेच बघत आलोय.

आई, ८:४३
बरं. आणि मशीन नसेल तर?

काका (येळ्ळूर), ८:५८
छिन्नीनं पण स्वच्छ निघते वैनी, घाई केली नाही तर. मेस्त्रीला असं सांगा.

गुण्या (काटकोन मापायची पट्टी) लावून पेन्सिलीची रेघ चारी बाजूंनी काढायची, नुसती वरच्या अंगाला नाही. वीट वाळूच्या ढिगावर ठेवायची. फरशीवर ठेवली तर धक्का उलटा येतो आणि वीट नको तिथं फुटते. चार इंच रुंद पात्याची छिन्नी घेऊन रेघेवर हलके हलके ठोके देत फिरायचं. एक बाजू झाली की वीट कूस बदलून दुसरी. दोन-तीन फेऱ्यांत रेघेची बारीक खाच होते आणि ठोक्याचा आवाज बदलतो, जरा जड येतो. तो आला की छिन्नी खाचेत धरून एकच नेमका घाव. वीट उघडते तेव्हा हाताला कळतं. राहिलेले उंचवटे धारेच्या हातोड्यानं टोकरून काढायचे. आणि तुटलेलं तोंड आत चुन्या-सिमेंटकडं, भट्टीचं तोंड बाहेर.

ताई, ९:०३
नऊ इंची भिंतीच्या कोपऱ्याला ती बारीक उभी पट्टी लागते ना, क्लोजर? ती पण छिन्नीनं?

काका (येळ्ळूर), ९:१०
ती नको. वीट लांबीत चिरायची, रुंदी ५० मिमीच राहते, छिन्नीनं मधेच तुटते. ती मशीननंच. आणि ती अगदी कोपऱ्यावर लावू देऊ नकोस, कोपऱ्याची वीट झाली की तिच्या शेजारी.

मशीन म्हणजे चार इंची डायमंड ब्लेड. ते पातं साधारण ३० मिमीच खोल जातं, वीट ७० ची. म्हणून वरून ३०, उलटून खालून ३०, मधली सेंटीमीटरभर हलक्या ठोक्यानं मोडायची. जोर लावून एकदम खोल घुसवायचं नाही, पातं अडकलं की मशीन हातातून उसळतं. गार्ड (पात्यावरचं झाकण) काढलेलं मशीन दिसलं तर काम थांबवा. विटेवर पाय देऊन कापतात तेही नको, शिकंजा वापरा.

आई, ९:१४
धुळीचं काय? आजीची खोली पोर्चला लागून आहे, त्यांना आधीच दम लागतोय.

काका (येळ्ळूर), ९:२६
वैनी, मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. विटेच्या धुळीत सिलिका असते. ती बारीक धूळ फुप्फुसात बसली की परत निघत नाही, सिलिकोसिसवर औषध नाही. आजींसाठी तर आहेच, पण रोज तासन् तास ती हुंगणारा कापणारा पोरगा आणि विटा उचलणाऱ्या बायका, त्यांच्यासाठी जास्त. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. एन-९५ मास्क सगळ्यांना आणा, पैसे मी देतो. कापणाऱ्याला चष्मा पण.

पाणी सोडून कापलं तर धूळ जागेवरच बसते. पण साध्या ग्राइंडरवर पाणी ओतायचं नाही, शॉक लागेल. पाण्याच्या नळीची सोय असलेलाच कटर पाहिजे, आणि त्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. नसेल तर विटा आधी पाण्यात बुडवून घ्या. बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, तशाही लावायच्या आधी भिजवाव्याच लागतात.

मामा (खानापूर), ९:३१
कापायची जागा मागं न्या की, विहिरीजवळ. वारं पण पलीकडं जातंय.

आई, ९:३३
होय, तिथंच सांगते. आजींची खिडकी बंद ठेवते.

काका (येळ्ळूर), ९:४०
सकाळी सातला मी अनगोळला येतो, नळीचा कटर आणि मोठी छिन्नी घेऊन. तोपर्यंत सिमेंट कालवू देऊ नका. पहिला थर आधी कोरडाच मांडून बघूया. सांधे ८ ते १२ मिमीमध्ये खेळवले तर खिडकीपाशी कापायच्या निम्म्या विटा वाचतील असं फोटोवरून वाटायलंय.

ताई, ९:४१
टेप आणि गुण्या मी काढून ठेवते.