मदत हवी आहे : किलिमांजारोला मरांगूचे 5 दिवस की लेमोशोचे 8?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावचा, अनगोळात राहतो, वय 47. उद्यमबागेत लेथवर काम करतो. येत्या फेब्रुवारीत आम्ही चौघे मित्र टांझानियात किलिमांजारोला जायचं म्हणतोय. आफ्रिकेतलं सगळ्यात उंच शिखर, 5895 मीटर. दोर बांधून चढायचं नाही, चालतच जायचं, म्हणून तर आमच्यासारख्यांनी धाडस केलं. त्यासाठी तीन वर्षं भिशी चालवलीय.

घोडं अडलंय ते वाटेवर. बाकी तिघांना मरांगूची वाट हवीय, मला आठ दिवसांची लेमोशोची. पाच दिवसांत परत, आणि झोपायला तंबूऐवजी लाकडी झोपड्या. काल मी वहीत मुक्कामांची उंची मांडली. मंदारा 2720, होरोम्बो 3720, किबो 4720. म्हणजे रोज हजार मीटर! उंचीच्या आजाराचे जाणकार सांगतात की 3000 च्या वर झोपायची जागा एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. आपलं बेळगाव सुमारे 750 वर. शिखरावर प्राणवायू इथल्या जवळजवळ निम्मा.

माझी भीती उगीच नाही. दोन वर्षांपूर्वी हिमाचलात हमटा पासच्या वाटेवर डोकं ठणकायला लागलं, रात्री दोनदा उलटी झाली. सकाळी तंबूबाहेर बसून बुटाची नाडी बांधायला घेतली, तर बोटांना गाठच जमेना. रोज मायक्रोमीटर धरणारी बोटं ही! शेवटी मुलीनं गाठ मारली आणि गाइडनं तिथूनच खाली आणलं. उतरलो आणि दुपारी पोटभर वरणभात जेवलो.

उंचीच्या आजारासाठी डायमॉक्सची गोळी घे म्हणतात सगळे. पण लहानपणी सल्फाच्या गोळीनं माझ्या अंगभर गांधी उठल्या होत्या आणि डायमॉक्स त्याच कुळातली. कुणी अशा अवस्थेत घेतलीय का? पिवळ्या तापाची लस कुठं घेतलीत? आणि सराव कसा करू? सध्या दर रविवारी पाठीवर दहा लिटर पाणी घेऊन येळ्ळूरगड दोनदा चढतो.

वेगळ्या वाटेनं एकटा जाऊ शकतो, पण मला तसं नको. चौघांनी एकत्र वर उभं राहायचं ठरलंय. तिघांना काय सांगू?

प्रतिसाद

दादा, मी निपाणीची. मरांगूनंच गेले होते, पण 6 दिवसांचा. होरोम्बोला दोन रात्री काढल्या. मधल्या दिवशी वरच्या झेब्रा रॉक्स नावाच्या खडकांपर्यंत चढून परत खाली झोपायला आलो, त्यानं फार फरक पडतो. तिघांना झोपड्याही मिळतील, तुम्हाला एक जादा दिवसही. लेमोशो परवडत असेल तर तोच उत्तम, शरीराला वेळ मिळतो.

गोळीचं इथं कुणाचं ऐकू नका. गांधी उठल्याचं डॉक्टरांना आधी सांगा, मगच ठरवा. आणि गोळी घेतली तरी डोकं दुखून उलट्या झाल्या, तोल जायला लागला, तर उतरणं हाच उपाय. वाटेत सगळे ‘पोले पोले’ म्हणतात, म्हणजे हळूहळू. बोलता येईल इतक्याच वेगानं चाला.

येळ्ळूरगड चांगलाच, पण शिखराची चढाई मध्यरात्री सुरू होते आणि सहा-सात तास चालते. महिन्यातून एकदा तरी चंदगडकडं पारगड-कलानंदीगडाला जाऊन दिवसभर चाला. आणि हो, शेवटच्या रात्री पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूनं धरतो, तोंड मोकळं राहतं.