चाबी चालू, गाडी बंद (थंडरबर्डचा इग्निशन स्विच)

अंबाजोगाईकर (सध्या गावीच):

मंडळी नमस्कार, सुट्टीवर आलोय, अमेरिकेला जायच्या आधी घेतलेली रॉयल एनफील्ड थंडरबर्ड, २००४ ची, अजून घरी आहे, म्हटलं बीडमार्गे वेरूळ करून यावं, तर मांजरसुंब्याच्या घाटात एका खड्ड्यात आदळली आन् हॉर्न, इंडिकेटर, हेडलाईट सगळंच गप्प. चाबी थोडी हलवली की पुन्हा चालू. मागून ट्रक, घाम फुटला राव. मिस्त्रीनं बॅटरी बदलायला लावली, पैसे गेले आन् गाडी तशीच बंद पडायली. आता म्हणतो सगळी वायरिंगच बदलू. काका, तुमच्या होंडा गोल्डविंगचं असंच झालतं ना?

एक सदस्य:

सब्जेक्टमध्ये "चाबी" वाचून मला वाटलं आपल्या मंडळाच्या गणपतीच्या हॉलची सापडली. ती अजूनही हरवलेलीच आहे, कुणाच्या गाडीत पडली असेल तर बघा प्लीज.

काका:

अरे, वायरिंगला हात लावू देऊ नको. माझी १९९६ ची गोल्डविंग, जीएल १५००, सहा सिलिंडर, १५२० सीसीचं धूड, हायवेवर अशीच मेली होती. चाबी फिरते म्हणजे स्विच चांगला, असं नसतं बाबा. चाबी फिरते ते कुलूप, करंट जातो तो खालच्या पितळी काँटॅक्टमधून, आणि वर्षानुवर्षं तिथलं ग्रीस वाळतं, काँटॅक्ट काळे पडतात.

व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर घे. चाबी ऑन, हेडलाईट लाव, एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं स्विचमधून बाहेर निघणाऱ्या वायरला. होंडात आत येणारी लाल, बाहेर जाणारी काळी, तुझ्या गाडीचे रंग वायरिंगच्या डायग्राममध्ये बघ. जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे मधे वाया चाललेत. अर्ध्या व्होल्टच्या वर असले की गडबड. मग हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव, आकडा उड्या मारायला लागला तर वायर हँडलच्या मानेपाशी आतून तुटलेली असते, वरून प्लास्टिक एकदम ठणठणीत दिसतं, तिथंच माणूस फसतो.

स्विच काढायच्या आधी बॅटरीचं मायनस सोड. काही गाड्यांना डोकं तुटणारे बोल्ट असतात, चोरी होऊ नये म्हणून, ते ड्रिल करावे लागतात, तेव्हा घाई नको.

अंबाजोगाईकर:

काका, शेजारच्या रेडिओवाल्याचा मीटर आणला. १.७ व्होल्ट!! हँडल फिरवलं तर आकडा जागचा हलला नाही, म्हणजे वायर बरी. मिस्त्रीला दाखवलं तर म्हणे "मीटर खराब असेल साहेब", मग त्याच मीटरनं बॅटरी मोजून दाखवली, १२.६, तेव्हा कुठं गप बसला. जुना स्विच फोडून बघितला, एक काँटॅक्ट कोळशासारखा. पॉलिशपेपर मारून चालेल का, का नवाच?

काका:

पॉलिशपेपरनं घरापर्यंत येशील, वेरूळपर्यंत नाही. नवाच घे. आणि हेडलाईटला रिले लाव, छोट्या करंटनं चालणारा स्विच असतो तो, म्हणजे मोठा करंट फ्यूजमधून थेट जाईल, चाबीतून फक्त रिले ओढण्यापुरता.

अंबाजोगाईकर:

झालं एकदाचं. अंबाजोगाईत मिळाला नाही, लातूरहून आणला. दुकानदार टाकीच्या झाकणासकट पूर्ण लॉकसेट गळ्यात मारायला बघायलता, मी नुसता स्विच घेतला, त्यामुळं आता चालू करायला एक चाबी आन् पेट्रोलला दुसरी. पहिल्यांदा वायर ताणूनच बांधली मिस्त्रीनं, हँडल डावीकडं वळवलं की ओढ बसायली, सोडून ढिली करून घेतली. रिलेही बसवला. आता मीटर ०.१ दाखवतोय. काल केजपर्यंत जाऊन आलो, मुद्दाम सगळे खड्डे हुडकून हुडकून त्यातूनच घातली, लाईट लुकलुकला पण नाही. परवा वेरूळ.

आन् हॉलची चाबी बहुतेक माझ्याच जॅकेटात आहे, ते जॅकेट तिकडं अमेरिकेतल्या घरी. सॉरी.