केस विंचरताना आईचे कानशील दुखते : कलपाचा त्रास की आणखी काही?

प्रश्न (सांगली)
माझ्या आईचे वय 67 आहे. गेल्या तीन आठवड्यांपासून उजव्या कानशिलाजवळ कंगवा नुसता टेकला तरी ती डोके मागे घेते आणि त्या कुशीवर झोपणेही तिला नकोसे झाले आहे. महिन्यापूर्वी तिने कलप लावला होता, त्यामुळे तो बाधला असावा असे समजून आम्ही कलप बंद केला, खोबरेल तेल लावले, वेणी सैल घातली. तरी फरक नाही. डोक्यात पुरळ किंवा कोंडा दिसत नाही. अशा दुखण्याची कारणे कोणती असतात आणि कोणाकडे दाखवावे?

उत्तर 1
मी त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात अनेक वर्षे काम केले आहे. कलपातील पीपीडी या रसायनाची ॲलर्जी असल्यास कपाळाच्या कडेला, कानांमागे आणि पापण्यांवर एक-दोन दिवसांत खाज, लाली, सूज येते, कधी पाणीही सुटते. म्हणून कलप लावण्याच्या 48 तास आधी थोडासा त्वचेवर लावून पाहावा. कोंड्यामुळे त्वचा हुळहुळत असेल तर 2 टक्के कीटोकोनॅझोलचा शांपू आठवड्यातून दोनदा लावून तीन ते पाच मिनिटांनी धुवावा. तेल चोपडल्याने मात्र खवले चिकटून बसतात आणि त्रास बहुधा वाढतोच. घट्ट अंबाड्याने मुळे दुखतात, पण केस मोकळे सोडल्यावर ते दुखणे उतरते. आपल्या आईंच्या बाबतीत यांपैकी काहीच जुळत नाही.

उत्तर 2
एकाच बाजूला आग होत असेल तर नागिणीचाही विचार करावा. माझ्या वडिलांना फोड येण्याच्या तीन दिवस आधीपासून टाळूला हात लावू देववत नव्हता. नागिणीवरील विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांत सुरू झाल्या तर उपयोग अधिक होतो. तीन आठवडे उलटूनही फोड नाहीत, म्हणजे ही शक्यता बरीच कमी झाली. अर्धशिशीतही टाळूला स्पर्श सहन होत नाही, पण या वयात ती प्रथमच सुरू होणे विरळा.

उत्तर 3
मी फिजिशियन आहे आणि मला येथे वेगळीच काळजी वाटते. आईंना चावताना जबडा दुखून थांबावे लागते का? क्षणभर अंधारी येते किंवा एकाच्या दोन वस्तू दिसतात का? सकाळी खांदे आखडतात का? कृपया आजच विचारून कळवा.

प्रश्नकर्ती
भाकरीचे चार घास झाले की जबडा भरून येतो म्हणून ती थांबते आणि थोड्या वेळाने पुन्हा खाते. आम्ही कवळीला दोष देत होतो. खांदेही दुखतात. दृष्टी ठीक आहे.

उत्तर 3
मग त्यांना आजच रुग्णालयात न्या, उद्यावर ढकलू नका. पन्नाशीनंतर कानशिलातील धमनीला सूज येण्याचा जायंट सेल आर्टरायटिस नावाचा आजार होतो; चावताना जबडा भरून येणे आणि खांदे दुखणे ही त्याचीच लक्षणे असू शकतात. भारतात तो युरोपच्या मानाने कमी आढळतो, त्यामुळे दुखणे केसांचे किंवा दातांचे समजून आठवडे निघून जातात. तेवढ्यात डोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तर गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. ईएसआर आणि सीआरपी या शरीरातील सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या होतील, पुढे धमनीचा लहानसा तुकडा काढून तपासतील. परंतु संशय पक्का असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करतात, आणि तेच योग्य आहे. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका.

प्रश्नकर्ती (पाच दिवसांनी)
ईएसआर 92, म्हणजे बराच जास्त आला आणि त्याच संध्याकाळी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झाले. तिसऱ्या दिवशी आईने स्वतः वेणी घातली आणि भाकरीही न थांबता खाल्ली. तिला मधुमेह आहे, त्यामुळे साखर वाढली आहे. बरे वाटत असताना गोळ्या लवकर कमी करता येतील का?

उत्तर 3
दृष्टी वाचली हे ऐकून फार बरे वाटले. गोळ्या एकदम थांबवू नका. मात्रा महिनोन्‌महिने, अनेकदा वर्षाहून अधिक काळ, ईएसआर पाहत हळूहळू उतरवावी लागते. साखरेसाठी मधुमेहाची औषधे डॉक्टरांकडून वाढवून घ्या, हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि कानशील पुन्हा दुखू लागले किंवा अंधारी आली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.